रोड सायकलपटूची कारकीर्द कशी वाचावी

व्यावसायिक रोड सायकलपटूच्या निकालांची यादी समोर आली की नजर आधी विजयांच्या आकड्यावर जाते, आणि वाचणारा तिथेच फसतो. टूर द फ्रान्स या तीन आठवडे टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या शर्यतीत पावणेदोनशेच्या आसपास स्पर्धक निघतात आणि एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याची पिवळी जर्सी अखेर एकाच्याच अंगावर राहते. त्यामुळे दहा-पंधरा वर्षे या खेळावर पोट भरूनही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच विजय मिळवणारे सायकलपटू पुष्कळ आहेत, आणि त्यांना अपयशी ठरवणे हे खेळच न समजल्याचे लक्षण आहे.

सुरुवात संघांच्या नावांपासून करावी. यूसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या रचनेत पुरुषांचे संघ वर्ल्डटीम, प्रोटीम आणि कॉन्टिनेंटल अशा तीन पायऱ्यांवर असतात. खेळाडू कोणत्या वर्षी कोणत्या पायरीवर होता हे आधी पाहिले, म्हणजे त्याच्या विजयांचे वजन कळते. वरच्या दोन पायऱ्यांवर नवोदिताचा पहिला करार किमान दोन वर्षांचा असतो. म्हणून तिसऱ्या वर्षी त्याला संघ मिळाला का, हे अवश्य तपासावे.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. प्रत्येक मोठ्या शर्यतीतील त्याच्या क्रमांकाशेजारी त्याच्या संघातील सहकाऱ्यांचे निकाल लिहावेत. दुसऱ्याच्या मागे राहून सायकल चालवली की वाऱ्याचा अडथळा बराच कमी होतो, त्यामुळे कर्णधाराची ताकद अखेरच्या चढापर्यंत राखण्यासाठी बाकीचे सहकारी वारा अंगावर घेतात, बाटल्या आणून देतात, प्रसंगी स्वतःचे चाकही काढून देतात. २०२३ मध्ये अमेरिकेचा सेप कस जिरो द'इटालिया या इटलीतील तशाच शर्यतीत चौदावा आणि टूर द फ्रान्समध्ये बारावा आला. एवढेच वाचले तर हे निकाल मध्यम वाटतात. मात्र त्याच्याच संघाचा प्रिमोझ रोग्लिच ती जिरो जिंकला आणि योनास विंगेगार्ड ती टूर जिंकला, आणि दोघांसाठी कस डोंगरांत राबला होता, हे शेजारी मांडले की त्याच आकड्यांचा अर्थ पालटतो. त्याच वर्षीची व्हुएल्टा ही स्पेनमधील तशीच शर्यत तो स्वतः जिंकला.

मग खेळाडूचा प्रकार ओळखावा. स्प्रिंटरसाठी, म्हणजे टप्प्याच्या अखेरीस वेगाने मुसंडी मारणाऱ्यासाठी, सर्व टप्प्यांच्या वेळेवरून ठरणारी एकूण क्रमवारी जवळजवळ निरर्थक असते. त्याने जिंकलेले टप्पे मोजावेत. डोंगरातील टप्प्यांवर विजेत्याच्या वेळेवरून ठरणाऱ्या कालमर्यादेत पोहोचणे, एवढेच त्याचे काम असते.

रिकाम्या जागाही वाचाव्यात. ब्रिटिश स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिशच्या टूरमधील टप्पेविजयांची संख्या २०१६ मध्ये ३० वर थांबली. पुढे २०१७ मध्ये अपघातात त्याच्या खांद्याचे हाड मोडले, २०१८ मध्ये तो कालमर्यादेबाहेर जाऊन शर्यतीतून बाद झाला आणि त्यानंतरची दोन वर्षे टूरसाठी त्याची निवडच झाली नाही. या चार ओळी पाहून कारकीर्द संपली असे कोणीही म्हटले असते, आणि तसे म्हटलेही गेले. पण २०२१ मध्ये त्याने चार टप्पे जिंकून बेल्जियमचा जुना दिग्गज एडी मर्क्सच्या ३४ विजयांच्या विक्रमाची बरोबरी केली आणि २०२४ मध्ये ३५ वा टप्पा जिंकला. म्हणून यादीत डीएनएफ, म्हणजे शर्यत अर्धवट सोडल्याची खूण दिसली, की त्या दिवशी अपघात, आजार की संघाचा निर्णय, याचा शोध घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जुन्या याद्या वाचताना एक सावधगिरी बाळगावी. अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ मधील टूरची सातही विजेतेपदे उत्तेजक द्रव्यांच्या वापरामुळे २०१२ मध्ये काढून घेण्यात आली आणि ती जागा कोणालाही दिली गेली नाही. याउलट २०१० च्या टूरमध्ये अल्बेर्तो कॉन्टादोरचे विजेतेपद अशाच कारणाने रद्द होऊन ते अँडी श्लेककडे गेले. यादी कोणत्या वर्षी तयार झाली आहे, हे म्हणूनच आधी पाहून घ्यावे.