गाजर गवत: पुष्य नक्षत्राच्या आत बांध मोकळे करा

पेरण्या उरकल्या की शेतकऱ्याची नजर सऱ्यांवर आणि उगवणीवर असते. या दिवसांत थोडी नजर बांधाकडेही वळवा. जमिनीला चिकटून गोल पसरलेली, गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली, बारीक लव असलेली फिकट हिरवी पाने दिसली, तर ते गाजर गवत आहे. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणते, कुणी पांढरफुली. या अवस्थेत ते दोन बोटांनी उपटते. महिनाभराने तेच झाड कंबरेएवढे होऊन पांढऱ्या फुलांनी भरते, आणि तोवर निम्मे काम हातचे गेलेले असते.

या तणाचे सारे बळ त्याच्या बियांत आहे. उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत ते फुलावर येते. पाच टोकांच्या त्या बारीक फुलात साधारण पाच बिया धरतात आणि एका चांगल्या वाढलेल्या झाडाला दहा ते पंचवीस हजार बी लागते. या बियांना विश्रांती लागतेच असे नाही. ओल मिळाली की त्याच हंगामात दुसरी पिढी उभी राहते, म्हणून पाण्याच्या आसपास ते वर्षभर दिसते. मातीत खोल गाडले गेलेले बी काही वर्षे जिवंत राहते आणि नांगरटीने वर आले की उगवते. त्यामुळे किती झाडे मारली याचा हिशेब मांडू नका. या वर्षी किती झाडांना बी धरू दिले नाही, तो हिशेब खरा.

मूळ मेक्सिको आणि आसपासच्या प्रदेशातले हे झाड १९५५ साली पुण्यात नजरेस आले. आयात गव्हाबरोबर ते आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आज देशातले क्वचितच एखादे राज्य त्यातून सुटले असेल.

खुरपणी, कोळपणीमुळे पिकातले गाजर गवत बऱ्यापैकी आटोक्यात राहते. खरी अडचण बांध, पाणंद, विहिरीचा काठ, मोटारीची खोली, उकिरडा आणि पाटाच्या कडा इथे आहे. ही जागा कुणाच्याच खुरप्याखाली येत नाही आणि बी तिथूनच शेतात येते. बांधावरच्या या तणामुळे होणारे नुकसान एवढ्यावर थांबत नाही. सूर्यफुलावरचा आणि भुईमुगाच्या खोडावरचा नेक्रोसिस (झाडाचा भाग मरून वाळणे) करणारा एक विषाणू गाजर गवतात कोणतेही लक्षण न दाखवता राहतो. गवताचे परागकण फुलकिड्यांबरोबर पिकावर पोहोचतात आणि रोग लागतो. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण पीक नसताना याच तणावर तग धरतो. टोमॅटो, वांगी, मिरची, घेवड्याच्या फुलांवर याचे परागकण भरपूर पडले तर फळधारणा कमी होते, हेही अभ्यासातून दिसले आहे. पिकावर फवारणीचा खर्च करायचा आणि बांधावर किडीला घर राखून ठेवायचे, याला काही अर्थ नाही.

उपटायचे कसे

पाऊस उघडून वापसा आला की तो दिवस या कामाचा. सोटमूळ सरळ खाली जाते, पण ओल्या जमिनीत ते सहज निघते. झाड शेंड्याला धरून ओढू नका, बुंध्याशी धरा. मूळ तटत असेल तर बाजूने खुरपे घालून सैल करा. बुंधा जमिनीत राहून वरचे झाड तुटले, तर त्याच बुंध्यावरून चार-पाच फांद्या फुटतात आणि त्या अधिक खाली, अधिक लवकर फुलतात. गवत कापायच्या यंत्राने बांध साफ केल्यावर पंधरवड्यात तिथे बुटकी, फुललेली झाडे दिसतात ती याच कारणाने. यंत्र चालवायचेच असेल तर मागाहून एक फेरी हाताने उपटण्याची ठेवा.

उपटलेल्या झाडाची माती झटका आणि मुळे वर करून टाका. पावसाची झड लागली तर ओल्या मातीवर पडलेले झाड पुन्हा मूळ धरते. पहिल्या फेरीनंतर साधारण तीन आठवड्यांनी दुसरी फेरी हवीच, कारण मधल्या पावसावर नवे बी उगवलेले असते. मृगात उगवलेले झाड पुष्यात, म्हणजे जुलैच्या अखेरीस, फुलावर येते. म्हणून पहिली फेरी आर्द्रा-पुनर्वसूत उरकून घ्यावी.

जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजर गवत जनजागृती सप्ताह होतो. उपक्रम चांगला आहे आणि गावाने त्यात जरूर उतरावे. पण जिथे पाऊस जूनमध्येच लागतो तिथे ऑगस्टच्या मध्यापर्यंत पहिली पिढी फुलून जाते. अशा गावांनी आपली पहिली मोहीम जुलैतच घ्यावी आणि ऑगस्टचा आठवडा दुसऱ्या फेरीला ठेवावा.

अंगाची काळजी आधी

यात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. त्याने कातडीला खाज, पुरळ, चट्टे येतात आणि परागकणांनी शिंका व दमा बळावतो. एकदा अंगाला त्याची अॅलर्जी जडली की पुढच्या प्रत्येक संपर्कात त्रास वाढत जातो, आणि मग पापण्या, मान, कोपराचा आतला भाग नुसत्या हवेतल्या कणांनीही सुजतो. उघड्या हाताने हे काम करू नका आणि मजुरांनाही करू देऊ नका. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, नाका-तोंडावर रुमाल एवढे तरी हवेच. काम झाल्यावर साबणाने अंघोळ करा, ते कपडे वेगळे धुवा. दम्याच्या माणसाला फुललेल्या गवताजवळ पाठवूच नका. चट्टे आठवडाभर राहिले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. शाळकरी मुलांना मोहिमेत घ्यायचे तर ओळख पटवून द्यायला घ्या, उपटायला नको.

जनावरे सहसा याला तोंड लावत नाहीत. चाराटंचाईत मात्र खातात. मग दुधाला कडवट वास येतो आणि जास्त प्रमाणात पोटात गेले तर जनावर आजारी पडते, दगावूही शकते. कडब्यात किंवा कापलेल्या गवतात ते मिसळलेले नाही ना, हे वैरण टाकताना पाहावे.

उपटलेल्याचे काय करायचे

फूल येण्याआधी उपटलेले गवत हे चांगले खत आहे. पाणी न साचणाऱ्या जागी तीन फूट खोल, सहा फूट रुंद, दहा फूट लांब खड्डा घ्या. त्यात गवताचा थर, त्यावर शेणकाला, थोडा युरिया किंवा रॉक फॉस्फेट, ट्रायकोडर्मा (कुजवणारी बुरशी) आणि मूठमूठ माती असे थर देत खड्डा जमिनीच्या वर येईपर्यंत भरा. वरून माती-शेणाने लिंपून घ्या आणि ओल टिकवा. चार-पाच महिन्यांत खत तयार होते. ताजे गवत आच्छादन म्हणून वापरायचे तर मोठ्या फळझाडांखालीच वापरा. नुकत्या उगवणाऱ्या पिकाजवळ नको, कारण त्यातली द्रव्ये उगवण दाबतात.

फुललेले गवत खतात घालू नका. खड्ड्यात सगळीकडे सारखी उष्णता मिळत नाही, बी वाचते आणि तुम्हीच ते शेतभर पसरवता. असे गवत पुन्हा उकरली जाणार नाही अशा जागी खोल पुरा. वरच्या दोन इंच मातीतले बीच प्रामुख्याने उगवते, खोलवरून कोंब वर येत नाही.

तणनाशक, जपून

मका, ज्वारी, ऊस या पिकांत पेरणी किंवा लागवडीनंतर, तण उगवण्याआधी अॅट्राझिन आणि सोयाबीनमध्ये मेट्रिब्युझिन वापरतात. मात्रा लेबलवर असेल तीच घ्या. हलक्या जमिनीत मेट्रिब्युझिनची मात्रा वाढली तर पिकालाच झळ लागते. बांधावरचे गवत राखून फक्त गाजर गवत मारायचे तर २,४-डी उपयोगी आहे. पण शेजारी कपाशी, द्राक्ष, टोमॅटो असेल तर त्याचा विचारही करू नका. वाऱ्याबरोबर गेलेल्या चार थेंबांनी कपाशीची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरतात, आणि ते नुकसान भरून येत नाही. ज्या पंपाने २,४-डी फवारले तो पंप पिकाला वापरू नये. ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित करण्याचा आदेश काढला, त्यामुळे ते स्वतः फवारू नका. मिठाचे दाट पाणी फवारण्याचा उपायही सांगितला जातो. झाडे जळतात हे खरे, पण मीठ मातीत राहते. शेताजवळ तो नको.

माझे मत विचाराल तर बांधावर औषधापेक्षा गवत लावा. मारवेलसारखे दाट वाढणारे चाऱ्याचे गवत किंवा स्टायलोसारखे शेंगवर्गीय चारापीक एकदा बसले की गाजर गवताला उगवायला उघडी जमीन मिळत नाही, आणि चाराही हाती येतो.

मेक्सिकन भुंगा

पावसाळ्यात गाजर गवताची पाने कुरतडलेली दिसली तर औषध मारण्याआधी नीट बघा. पिवळसर पांढऱ्या पाठीवर गडद तपकिरी नागमोडी रेघा असलेला, ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा भुंगा दिसेल. हा झायगोग्रामा, मेक्सिकोहून मुद्दाम आणलेला. भारतात १९८४ साली तो बेंगळुरूजवळ प्रथम सोडला गेला. प्रौढ आणि अळ्या दोन्ही पाने खातात. कोवळ्या झाडांचे शेंडे अळ्यांनी खाल्ले की फूलच येत नाही. तो सूर्यफूलही खाईल अशी शंका घेतली गेली होती, पण तो पिकावरची कीड ठरला नाही.

पाऊस पडला की तो जमिनीतून वर येतो आणि थंडी-उन्हाळ्यात पुन्हा मातीत दडतो. जिथे भरपूर आहे तिथून जून-जुलैत भोकांच्या डब्यात गोळा करून, जिथे दाट गवत आहे तिथे नेऊन सोडा. एकरी काहीशे भुंगे एकाच ठिकाणी सोडणे बरे, विखरून टाकू नयेत. पडीक रान, ओढ्याकाठ, रेल्वेची कडा अशा कुणी न खुरपणाऱ्या जागांसाठी तो उत्तम. शेतात आणि बांधावर मात्र त्याच्यावर विसंबू नका, कारण त्याची संख्या वाढेपर्यंत बरीच झाडे फुललेली असतात.

बागेत आणि कुंड्यांत

परसबागेत हे तण बहुधा विकतची माती, शेणखत किंवा रोपवाटिकेतल्या पिशवीबरोबर येते. नवे रोप आणले की पिशवीतली वरची माती हलकी खरवडून पाहा. आणलेली माती लगेच वाफ्यात पसरू नका. आधी ओली करून आठ-दहा दिवस ठेवा, उगवेल ते उपटा, मग वापरा. वाफ्यात पालापाचोळ्याचे चार बोटे आच्छादन ठेवले तर वरचे बी उजेडाअभावी फारसे उगवत नाही. शेवंती आणि झेंडूची कोवळी रोपे याच्याशी मिळतीजुळती दिसतात. शंका आली तर पान चुरगळून बघा, झेंडूचा उग्र वास लगेच कळतो.

दिवाळीनंतरचे काम

टाकळ्याच्या शेंगा कार्तिकात वाळतात. तेव्हा बी गोळा करून ठेवा आणि पुढच्या वैशाखात, वळवाच्या आधी, पडीक जागेवर दाट फेका. टाकळा लवकर उगवून गाजर गवताला झाकतो. दोन-तीन वर्षे सलग केले तर फरक दिसतो. रब्बीचे पहिले पाणी सोडण्याआधी पाट आणि चाऱ्या एकदा चालून पाहा, कारण बी पाण्यावर तरंगत थेट वाफ्यात जाते. दुसऱ्याच्या रानातून आलेले मळणीयंत्र आणि ट्रॅक्टरची चाके शेतात घेण्याआधी बांधावरच झाडून घ्यावीत.