साधी झेन, पोटात एस्टीम: अंगणातला इंजिनबदल

बाहेरून उन्हानं रंग फिकटलेली, १३ इंची चाकांची जुनी मारुती झेन. बोनटखाली मात्र मारुतीच्याच एस्टीमचं ८५ बीएचपीचं १.३ लिटर इंजिन. अशा गाडीला शौकीन ‘स्लीपर’ म्हणतात. झेन-एस्टीम ही जोडी घरच्या कामाला सोयीची पडते, कारण दोन्हीची इंजिनं सुझुकीच्या एकाच जी घराण्यातली. झेनचं जी१०बी ९९३ सीसीचं (बोअर ७२, स्ट्रोक ६१ मिमी), एस्टीमचं जी१३बीबी १२९८ सीसीचं (७४ आणि ७५.५ मिमी). झेनचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास. तेवढ्या अंगाला ८५ बीएचपी म्हणजे भरपूर.

बहुतेकांची घाई इंजिनापासून सुरू होते. ते शेवटी येऊ द्या. आधी कागद, मग ब्रेक, मग रेडिएटर. इंजिन आधी बसवलं की गाडी फिरवायचा मोह होतो आणि ब्रेकचं काम महिनोन्‌महिने ‘पुढच्या रविवारी’ जातं.

कागदाचं सरळ सांगायचं तर, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर लिहिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच सीसीचं, त्याच मॉडेलचं इंजिन बदलणं वेगळं. ९९३ची १२९८ झाली की आरसी आणि गाडी यांची फारकत होते, आणि अपघातात विमा कंपनी नेमकं तेच बोट दाखवते. म्हणून सुटे भाग घेण्याआधी आपल्या कार्यालयात (एमएच-२० संभाजीनगर, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड, ३८ हिंगोली) लेखी अर्ज करा आणि उत्तरही लेखीच घ्या. मंजुरी मिळाली नाही तर ही गाडी स्वतःच्या शेतातल्या वाटेवर किंवा ट्रॅकवर चालवायची, सार्वजनिक रस्त्यावर नाही.

झेन घेताना एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल देणारी) घ्या, कार्ब्युरेटरची नको. कार्ब्युरेटरच्या झेनमध्ये टाकीतला इलेक्ट्रिक पंप नसतो, दाबाची पेट्रोल लाइन नसते. हे सगळं नव्यानं करत बसलं की स्वस्तात पडलेली गाडी महाग होते. इंजिन १९९९ नंतरच्या १६ व्हॉल्व्हच्या एस्टीमचं पाहा. त्याआधीच्या कार्ब्युरेटरवाल्याची ताकद ६५ बीएचपीच. भंगार बाजारातून घेताना इंजिन नंबर, दात्या गाडीच्या (जिच्यातून इंजिन काढलंय तिच्या) आरसीची झेरॉक्स आणि पक्कं बिल, तिन्ही हवं. नंबरवर ग्राइंडर फिरलेला दिसला तर भाव कितीही पडू द्या, पाठ फिरवा.

इंजिन विकत घेण्याआधी कॉम्प्रेशन बघा. गरम इंजिन, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. चारही सिलिंडरचा आकडा १२ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या वर आणि आपसातला फरक १ किलोच्या आत हवा. एकच सिलिंडर कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर असेल तर हेडचं पॅकिंग गेलंय. त्याच इंजिनाबरोबर ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, सगळे सेन्सर, अल्टरनेटर, स्टार्टर, फ्लायव्हील, क्लच, एअर क्लीनरचा डबा आणि रेडिएटर फॅनसकट घ्या. दाता गाडी चिप असलेल्या किल्लीची असेल तर किल्ली, इमोबिलायझर आणि ईसीएम हे तिन्ही एकाच गाडीचे हवेत. नाहीतर इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडेल आणि तुम्ही आठवडाभर पंप तपासत बसाल.

जागेकडे आता वळू. मराठवाड्यातलं अंगण बहुतेक काळ्या मातीवर असतं. पावसात फुगतं, उन्हाळ्यात भेगाळतं. जॅक किंवा घोडी (जॅक स्टँड) त्यावर उभी केली की एका बाजूला खचते. काम दिवाळी ते होळी या काळात धरा आणि कोबा केलेल्या जागेवरच. कोबा नसेल तर प्रत्येक घोडीखाली किमान दीड फूट चौरस, १८ मिमीची प्लायवूडची फळी, तिच्याखाली मुरूम ठोकून. शहाबादी फरशी नको, टोकाच्या भाराखाली ती तडकते. इंजिन-गिअरबॉक्स मिळून दीडशे किलो धरून चाला. एक टनाची चेन कुप्पी लोखंडी तिपाईवर लावा. कडुलिंबाच्या फांदीला चेन बांधणारे खूप आहेत. फांदी मोडत नसली तरी वाकते, आणि लोंबकळतं इंजिन वाकलेल्या फांदीबरोबर हलतं.

ब्रेकला इंजिनाआधी हात घाला. एस्टीमचे पुढचे कॅलिपर आणि डिस्क झेनच्या हबवर आधी सुके बसवून बघा, वर १३ इंची रिम चढवून हातानं फिरवा. कॅलिपर रिमला घासत असेल तर ती जोडी वापरू नका. रिमला वॉशर टाकून बाहेर काढण्याचा उपाय बोल्टचे आटे खातो. कॅलिपरचा पिस्टन मोठा झाला की त्याला जास्त तेल लागतं, म्हणून पेडल खोल जातं. मास्टर सिलिंडर आणि बूस्टरही त्याच दात्या गाडीचे घ्या. चारही रबरी होज नवे, ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलं. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. मागच्या ड्रमचे लायनर आणि व्हील सिलिंडर गळत नाहीत ना, हेही याच फेरीत.

टायरही आताच. उन्हाळ्यात इथला पारा ४२-४३ला जातो, समृद्धीच्या सिमेंटवर कारला १२०ची मर्यादा आहे. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. सहा वर्षांहून जुना टायर नक्षी उरलेली दिसली तरी बदला.

रेडिएटरमध्ये अर्धवट काम चालत नाही. झेनचा रेडिएटर मोठ्या इंजिनाला डिसेंबरात पुरेसा वाटेल, एप्रिलमध्ये जालन्याच्या बायपासवर ट्रकच्या मागे अडकलात की सुई चढेल. एस्टीमचा रेडिएटर बसत असेल तर उत्तम, नाहीतर कारागिराकडून जास्त जाड कोअर टाकून घ्या. आत बोअरवेलचं पाणी अजिबात नको. आपल्याकडचं जड पाणी वर्षभरात पांढरा थर धरतं आणि ॲल्युमिनियमच्या हेडला खातं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे. फॅनला स्वतंत्र ३० अँपिअरचा रिले आणि फ्यूज.

आता जुनं इंजिन काढा. बॅटरी सोडा, पण त्याआधी पंपाचा रिले काढून दोनदा क्रँक करा, म्हणजे लाइनमधला दाब उतरेल. कूलंट, इंजिन ऑइल, गिअर ऑइल काढा (जुनं ऑइल विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका, भंगारवाला घेतो). प्रत्येक कनेक्टरवर टेप लावून नंबर टाका आणि मोबाइलमध्ये फोटो काढा. पुढच्या चाकांचे एक्सेल हबमधून सोडवा, गिअर लिंकेज, क्लच केबल, स्पीडोमीटर केबल, सायलेन्सरचा पुढचा पाइप, मग फाउंडेशन (इंजिन बॉडीला धरणारे कंस आणि रबर). इंजिन तिरकं करून वर उचला.

गिअरबॉक्स झेनचाच ठेवा. एक्सेल तसेच्या तसे बसतात, स्पीडोमीटर खरं दाखवतो आणि गिअर आखूड असल्यानं सुटताना गाडी झेप घेते. किंमत एवढीच, की हायवेवर इंजिन जास्त फिरतं. बेल हाउसिंगचे (क्लचवरच्या गिअरबॉक्सच्या कवचाचे) बोल्ट जुळतात, तरी एस्टीमची क्लच प्लेट झेनच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर हातानं सरकवून बघा. दाते अडले किंवा सैल राहिले तर पुढे जाऊ नका. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग नवीनच. फ्लायव्हील टर्निंगवर साफ करून घ्या, मागचं क्रँक ऑइल सील आत्ताच बदला. हे सील नंतर गळलं तर सगळं पुन्हा खाली उतरवावं लागतं, आणि ५० मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप यांचं वय कळत नसेल तर तेही नवे. बाहेर असताना अर्ध्या तासाचं काम आहे.

फाउंडेशनला सर्वांत जास्त वेळ द्या. एस्टीमच्या ब्लॉकवर झेनचे कंस बसवा, जिथे जुळत नाही तिथे ५ मिमी एमएस प्लेटचा नवा कंस. इंजिन चेनवरच तोलून धरा, आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारा. एक्सेल गिअरबॉक्समध्ये दोन्ही बाजूंनी पूर्ण बसतात का, स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहा. चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) खालचा भाग क्रॉसमेंबरपासून किमान २० मिमी वर हवा, आपल्या गतिरोधकांची उंची लक्षात ठेवा. उंचीला बोनट अडतंय का ते बघायला एअर क्लीनरवर आणि हेडच्या झाकणावर कणकेचे गोळे ठेवून बोनट अलगद लावा. काढल्यावर जाडी मोजा. १५ मिमीपेक्षा कमी असेल तर इंजिन खाली घ्या, बोनटला फुगा काढू नका, मग स्लीपर कसली! कणीक गव्हाचीच घ्या. ज्वारीचं पीठ सुकून तडकतं आणि माप खोटं देतं. सगळं जमलं की ईसीएम काढून, बॅटरी सोडूनच पक्कं वेल्डिंग. कडक पॉलियुरेथेनचे बुश घातले तर स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड थरथरतात. गाडी उभी असतानाच गुपित फुटतं. मूळ रबरच बरं.

वायरिंगमध्ये ईसीएमच्या हार्नेसला स्वतःहून कापू नका. झेनच्या बाजूचे इग्निशनचा करंट, पंप, तापमानाचं मीटर, दिवे एवढेच जोड. ते सोल्डर करून हीट स्लीव्ह घाला. अर्थिंगच्या निदान तीन पट्ट्या: बॅटरी ते बॉडी, बॉडी ते इंजिन ब्लॉक, ब्लॉक ते हेड. आयडल वरखाली होण्याची अर्धी कारणं इथे असतात. पेट्रोलचा होज इंजेक्शनच्या दाबाचाच, साधा कार्ब्युरेटरचा होज गळतो किंवा फुटतो. दोन किलोचं पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा.

पाइपचा पुढचा भाग आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एस्टीमचे, मागचा सायलेन्सर झेनचाच. आवाज शांत राहतो आणि पीयूसीची फजितीही होत नाही. एअर क्लीनरचा डबाही एस्टीमचा मूळचाच. उघडा कोन फिल्टर बोनटखालची गरम हवा ओढतो, आणि सोयाबीन-कापूस काढणीच्या दिवसांत उडणारी धूळ त्यावर आठवडाभरात बसते.

सुरू करण्याआधी ऑइल साडेतीन लिटरच्या आसपास, डिपस्टिक पाहत. इंजेक्टरचे कनेक्टर काढून, मध्ये थांबत थांबत क्रँक करा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मग इंजेक्टर जोडून स्टार्ट. रेडिएटरचं झाकण उघडं, हीटर पूर्ण गरमवर, फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत आयडलवर ठेवा. हवेचे बुडबुडे संपले की कूलंट भरून झाकण लावा. उभ्या गाडीत तापत असेल आणि चालताना ठीक असेल तर फॅन किंवा रिले. चालताना तापत असेल तर आत अडकलेली हवा, नाहीतर कोंडलेला कोअर. आयडल वाढलेलं राहिलं तर व्हॅक्यूम पाइप निसटलाय. रिव्हर्स टाकताना करकर आली तर क्लच केबलचा ताण.

पहिले ५० किलोमीटर अंगणाच्या आसपास, मग फाउंडेशनचे, एक्सेलच्या नटचे, कॅलिपरचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने कसा, ब्रेकची पातळी पाहा. २०० किलोमीटरवर पुन्हा तेच. पुढची चाकं आणि फेंडरच्या कडेतलं अंतर इंजिनबदलाआधी मोजून ठेवा. आता १० मिमीपेक्षा जास्त खाली बसलं असेल तर स्प्रिंग थकलेत. स्प्रिंगमध्ये रबरी गोळे ठासण्यापेक्षा नवी जोडी घ्या, आणि त्यानंतरच व्हील अलाइनमेंट.