घरच्या बागेत थॉम्पसन सीडलेस द्राक्षं
थॉम्पसन सीडलेसचा वेल लावायचा असेल तर जागा अशी बघा की दिवसभर भरपूर ऊन मिळेल आणि मुळाशी पाणी साचणार नाही, मांडव आधीच मजबूत करा. खरी मेख छाटणीत आहे. या जातीत काडीच्या बुडाकडच्या डोळ्यांतून (डोळा म्हणजे काडीवर जिथून नवा फुटवा येतो ती जागा) घड फारसे येतच नाहीत, त्यामुळे 2 डोळ्यांवर आखूड कापलं की नुसती पानंच पानं, म्हणून मागच्या सीझनची पेन्सिलएवढी जाड, तपकिरी झालेली काडी निवडा आणि 10-12 डोळे ठेवून कापा, शेजारी 2 डोळ्यांचा एक खुंट पण राहू द्या, पुढच्या वर्षीची काडी तिथूनच मिळते. घड फार लागले तर काही काढून टाका, जीवावर येतं पण उरलेले मस्त भरतात. आणि द्राक्षं तोडल्यावर पिकत नाहीत हां, चाखून बघूनच तोडा.