होळी ते रंगपंचमी: दरवर्षी त्याच चुका, यंदा तरी टाळा

आधी तारखांचा घोळ. फाल्गुन पौर्णिमेला संध्याकाळी होळी पेटते. दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदेला धुळवड, आणि वद्य पंचमीला रंगपंचमी. तीन वेगळे दिवस, तीन वेगळी कामं. सुट्टी धुळवडीची मिळते म्हणून पुण्यातल्या कंपन्या आणि सोसायट्या प्रतिपदेलाच रंग उडवून मोकळ्या होतात. उडवा बापडे, कोण अडवतंय? पण पंचमीला रंग लावणाऱ्या शेजाऱ्याला 'होळी तर झाली ना काका?' असं तरी विचारू नका. आपल्याकडे रंगाचा मूळ दिवस पंचमीच. होळकरांच्या इंदूरला आजही पंचमीला राजवाड्यासमोर गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघते आणि अख्खं शहर रस्त्यावर येतं.

मोबाइलमधलं कॅलेंडर बघून आणखी एक गोंधळ होतो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे आपली फाल्गुन वद्य प्रतिपदा तिकडे चैत्र कृष्ण प्रतिपदा असते. 'चैत्र लागला, मग पाडवा कसा नाही झाला?' हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. पाडव्याला अजून पंधरवडा आहे, गाठी आणायला घाई करू नका.

आता भद्रा, म्हणजे पंचांगातली अशुभ मानलेली वेळ. होळीच्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर निरोप फिरतो: 'यंदा शेकडो वर्षांनी होळीवर भद्रेची सावली, चुकूनही या वेळेत पेटवू नका!' एक आत्या तो आपल्याला पाठवते, आपण तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो आणि मग संध्याकाळी अर्धी सोसायटी खाली, अर्धी वर. जरा पंचांग उघडा. अर्ध्या तिथीला करण म्हणतात आणि विष्टी नावाच्या करणालाच भद्रा म्हणतात. शुक्ल पक्षात ती पौर्णिमेच्या पूर्वार्धात येतेच येते. म्हणजे प्रत्येक फाल्गुन पौर्णिमेला भद्रा असते. फरक पडतो तो फक्त पौर्णिमा किती वाजता लागली याने. सकाळी लागली की भद्रा रात्रीपर्यंत पुरते. २०२४ ला तसंच झालं, २०२५ ला पुन्हा तसंच. दोन्ही वर्षी ती रात्री अकरा वाजून गेल्यावर संपली आणि दोन्ही वर्षी 'दुर्मिळ योग' म्हणून निरोप आले! मी आठवडाभर आधी दाते पंचांगात वेळ बघतो, गुरुजींना एक फोन करतो आणि फलकावर लिहून टाकतो. त्यानंतर कुणाच्याही निरोपाला उत्तर देत नाही. पोरं पेंगायच्या आत होळी लागावी असं माझं मत आहे. तुमचे गुरुजी वेगळं म्हणत असतील तर त्यांचं ऐका, निदान फॉरवर्डचं तरी ऐकू नका.

सगळ्यात मोठं दुखणं मात्र होळी रचण्याचं. दहा मिनिटांत होळी उभी करू म्हणणारी मंडळी मला दिसली की मी आधी पाण्याच्या बादल्या भरून घेतो.

सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत नातेवाइकांकडे गेलो होतो, तिथली गोष्ट. होळी कुठे, तर पार्किंगच्या मधोमध, थेट पेव्हिंग ब्लॉकवर. खाली वाळूचा कण नाही, वरून इंटरनेटच्या केबल लोंबतायत. सरण कसलं, तर कुणाचा तरी मोडका सोफा, सनमायकाच्या फळ्या आणि त्याच दुपारी तोडलेल्या गुलमोहराच्या ओल्या फांद्या. मी म्हटलं, 'अरे, हे पेटायचं नाही आणि पेटलं तर विझायचं नाही.' त्यावर म्होरक्या म्हणाला, 'काका, टेन्शन नका घेऊ, अर्ध्या तासात वाजवतो.' कापूर झाला, वर्तमानपत्रं झाली, नुसता धूर. बायका ताट घेऊन ताटकळल्या, नैवेद्याच्या पोळीवरचं तूप थिजलं. मग एकाने गाडीतून बाटलीभर पेट्रोल काढून आणलं. मी पोरांना मागे ओढेपर्यंत त्याने ओतलंसुद्धा. आत कुठेतरी निखारा होताच. भप्पकन जाळ झाला, त्याच्या भुवया गेल्या. नशीब, डोळे वाचले. पुढच्या पंधरा मिनिटांत खालचे ब्लॉक ठो ठो करत फुटायला लागले. काँक्रीटमध्ये मुरलेल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, मग ते तडकून ढलप्या उडवतात. एक ढलपी एका मोटारीच्या काचेला लागली. शेवटी केबल वितळली आणि एका विंगचं वायफाय गेलं. भुवयांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, वायफायवरून मात्र रात्री बारापर्यंत सभा चालली.

माझी पद्धत साधी आहे, शास्त्र वगैरे काही नाही. मोकळी जागा, वर तार नको, झाडाची फांदी नको. खाली घमेल्याने कोरडी माती पसरायची, चांगली टाच बुडेल एवढी. मधे एरंडाची फांदी, भोवती बारीक काटक्या, मग गोवऱ्या उभ्या तिरप्या लावायच्या. गच्च रचायच्या नाहीत, आत वारा खेळला पाहिजे. वारा येतो त्या बाजूने कापराने पेटवायचं आणि हात मागे घेऊन थांबायचं. थांबणं लोकांना जमत नाही, खरा रोग तोच आहे. होळी कंबरेएवढी पुरे, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीशी स्पर्धा नको. फांदीसाठी झाड तोडू नका. शहरात विनापरवाना झाड तोडणं १९७५ च्या कायद्याने गुन्हा आहे. टायर, प्लास्टिक, सनमायका जाळणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

बोंब मारायला लाजणं हीही चूकच. प्रल्हाद आणि त्याची आत्या होलिका, एवढीच कथा लोकांना ठाऊक असते. भविष्य पुराणात दुसरी आहे. रघु राजाच्या राज्यात ढुंढा नावाची राक्षसी पोरांना छळते. तिला देवांचं भय नाही, माणसांचं नाही, शस्त्राचंही नाही. भय एकाच गोष्टीचं, दंगा करणाऱ्या पोरांचं. म्हणून पोरांनी लाकडं गोळा करावी, आग पेटवून तिच्याभोवती फिरावं, टाळ्या पिटाव्या, मोठ्याने हसावं, तोंडाला येईल ते ओरडावं, असा उपाय सांगितला आहे. तेव्हा शिमग्याची बोंब म्हणजे असभ्यपणा नव्हे, ते कामच आहे. पोरांना गप्प करून डीजे लावणाऱ्यांनी नेमकं उलटं केलं.

पुरणाबद्दल दोनच गोष्टी. डाळ बोटाने दाबून मेण झाल्याशिवाय गूळ घालू नका, गूळ पडला की डाळ पुढे शिजत नाही. आणि पुरणात झारा उभा राहीपर्यंत आटवा. 'पाच मिनिटांत पुरण'वाले व्हिडिओ बघून केलेली पोळी तव्यावर फाटते आणि मग दोष कणकेला! कट, म्हणजे शिजलेल्या डाळीचं पाणी, फेकू नका, त्याच्या आमटीशिवाय जेवण अर्धंच. होळीत एक पोळी आणि एक नारळ पुरे. बाकीच्या पोळ्या वस्तीत वाटा. 'होळी लहान करा, पोळी दान करा' हे अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

रंगांचं थोडक्यात. आदल्या रात्री अंगाला, केसांना खोबरेल. वॉर्निश, चंदेरी रंग, अंडी, फुगे नकोत. 'हर्बल' लिहिलेल्या प्रत्येक पुडीवर विश्वास नको. पुण्याच्या बाजारात, बोहरी आळीत जाल तर घासाघीस कमी करा आणि पुडीवरचं जास्त वाचा. पळसाची वाळलेली फुलं मिळाली तर रात्रभर भिजत घालून सकाळी उकळा, केशरी पाणी तयार. कोरडा रंग आधी झटका, मग पाणी घ्या. लोक थेट बादलीखाली बसतात आणि मग दोन दिवस हिरवे कान घेऊन ऑफिसला जातात. भटक्या कुत्र्यांवर रंग टाकणाऱ्याला मात्र चहासुद्धा देऊ नये.

शेवटची चूक सकाळची. वरून गार दिसणारी राख उकरली की आत निखारा असतो, आणि लोक ती तशीच कचऱ्याच्या डब्यात टाकतात. डबा वितळतो, कधी पेटतोही. फावड्याने राख पसरा, पाण्याचा हबका मारा, तासभर सोडा, पुन्हा उकरून बघा. कपाळाला लावण्यापुरती तळहातावर घ्या. आणि कुणी नजर चुकवून जुनं फर्निचर टाकलंच असेल तर राखेतून लोहचुंबक फिरवून खिळे काढा, नाहीतर धुळवडीला पंक्चरवाल्यापुढे दुचाक्यांची रांग लागते.