जुन्या ४०७चे इंजिन घरच्या शेडमध्ये पहिल्यांदा बांधताना

टाटा ४०७ ही छोटी मालवाहू गाडी १९८६ साली बाजारात आली आणि आजही जालन्याची मोसंबी किंवा लातूरच्या आडतीवर जाणारे सोयाबीन वाहताना ती दिसते. तिच्यातल्या जुन्या ४९७ इंजिनाचे नावच त्याची ओळख सांगते: सिलिंडर चार आणि बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ९७ मिलीमीटर. स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) १०० मिलीमीटर असल्यामुळे एकूण क्षमता २,९५६ सीसी भरते. टर्बो नाही, कसलीही संगणकीय यंत्रणा नाही. म्हणूनच पहिल्यांदा इंजिन बांधू, म्हणजे पूर्ण खोलून पुन्हा जोडू पाहणाऱ्याने याच इंजिनावर हात बसवावा, असे माझे मत आहे.

इंजिन खोलण्यापूर्वी ते खोलण्याची खरोखर गरज आहे का, याची खात्री करावी. काळा धूर बहुतेक वेळा नोझल, पंप किंवा चोंदलेल्या एअर फिल्टरमुळे येतो आणि त्यासाठी ब्लॉकला हात लावण्याचे कारण नसते. निळा धूर, ऑइल भरण्याच्या झाकणातून येणारे भपकारे, सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी बसणे आणि कॉम्प्रेशन गेजवर एखाद्या सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा बराच खाली दिसणे, ही लक्षणे एकत्र आली तरच पिस्टनवरच्या रिंगा व लाइनर (सिलिंडरचे आतले अस्तर) गेले असे समजावे.

हे काम आषाढ-श्रावणात काढावे. पेरण्या उरकलेल्या असतात, भाडी कमी असतात आणि उन्हाळ्यातली काळ्या मातीची धूळ पावसाने बसलेली असते. मात्र याच दिवसांत दमट हवेने उघड्या लोखंडावर एका रात्रीत तांबडा गंज चढतो, म्हणून धुतलेल्या प्रत्येक भागाला लगेच ऑइलचा हात फिरवून तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा. इंजिन उतरवण्यासाठी एक टनाची चेनपुली आणि जाड पाइपांचे तिकाटणे भाड्याने आणावे. शेडच्या अँगलला किंवा लिंबाच्या फांदीला इंजिन लटकवू नये आणि लटकलेल्या इंजिनाखाली हातसुद्धा घालू नये.

खोलताना घाई केली की जोडताना अडते. प्रत्येक जोडणीचा फोटो काढावा आणि प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात चिठ्ठीसह ठेवावेत. मेन बेअरिंगच्या आणि कनेक्टिंग रॉडच्या कॅपवर ठोकलेले क्रमांक आधी वाचावेत. ते नसतील तर पंचाने ठिपके मारावेत. या कॅप आपापल्या जागी बसवूनच कारखान्यात बोअर केलेल्या असतात, त्यामुळे त्यांची अदलाबदल झाली किंवा दिशा उलटली तरी क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) जाम होते. टायमिंग गिअरवरच्या खुणा जुळवून घेतल्याशिवाय ते काढू नयेत.

खोललेला भाग धुण्यापूर्वी नीट पाहावा, कारण बिघाडाचे कारण त्या मळातच दिसते. माझ्या गाडीचा चौथा पिस्टन बाहेर काढला तेव्हा त्याच्या रिंगा खाचांत पूर्ण चिकटलेल्या होत्या. नखाने दाबल्या तरी हलत नव्हत्या. पहिल्या पिस्टनच्या रिंगा मात्र मोकळ्या होत्या. ब्लॉकच्या बाजूचे वाटीसारखे वॉटर प्लग काढले आणि उत्तर मिळाले: चौथ्या सिलिंडरच्या मागे पिवळसर पांढऱ्या क्षाराचा बोटभर जाड थर साचला होता. आम्ही वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये विंधन विहिरीचे पाणी घालत होतो. आपल्या काळ्या कातळातले हे पाणी जड असते आणि गरम झाले की त्याचा क्षार वॉटर जॅकेटच्या, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीच्या, भिंतींवर बसतो. वॉटर पंपापासून सर्वांत दूर असलेला सिलिंडर त्याने आधी तापला, ऑइल जळून त्याचा कोळसा झाला आणि रिंगा अडकल्या. तो थर तसाच ठेवून नवे लाइनर-पिस्टन घातले असते, तर दुसऱ्या उन्हाळ्यात तेच दुखणे परत आले असते. म्हणून ब्लॉक धुताना जॅकेट तारेने खरवडून स्वच्छ करावे आणि पुढे रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड पाणी व कूलंटच वापरावे.

क्रँक ग्राइंडिंग, लाइनर बसवून बोअर-होनिंग करणे (आतून घासून नेमके माप आणणे) आणि हेडचे, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचे, सरफेसिंग ही कामे घरी होत नाहीत. जालना किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वर्कशॉपमध्ये ती करून घ्यावीत, पण मोजमाप आपणही करावे. मायक्रोमीटरने क्रँकचे प्रत्येक जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) दोन दिशांनी मोजावे. क्रँक साधारणपणे ०.२५ मिलीमीटरच्या टप्प्यांनी घासतात आणि तेवढ्याच अंडरसाइजचे, म्हणजे आतून तेवढेच लहान, बेअरिंग घ्यावे लागते. म्हणून बेअरिंग आधी विकत घेऊ नये. त्याच वेळी ब्लॉकवरचा इंजिन क्रमांक आरसीशी ताडून पाहावा. ब्लॉक बदलावा लागला, तर आरटीओकडे त्याची नोंद करावी लागते.

वर्कशॉपमधून आलेला भाग स्वच्छ असतो, हा समज सोडून द्यावा. माझी क्रँक एका वर्कशॉपमधून चकचकीत होऊन आली होती. सायकलच्या तारेला सुती चिंधी गुंडाळून ती डिझेलमध्ये भिजवली आणि क्रँकच्या ऑइलच्या भोकातून आरपार ओढली, तर चिंधी राखाडी झाली आणि बोटांना बारीक कचकच लागली. ती ग्राइंडिंगची पूड होती. पहिल्याच दिवशी ऑइलच्या दाबाने ती नव्या बेअरिंगमध्ये गेली असती आणि बेअरिंगचा मऊ थर तिने खरवडून काढला असता. चिंधी पांढरी निघेपर्यंत हे करावे लागते. मला सहा चिंध्या लागल्या. लाइनर साबणाच्या गरम पाण्याने धुवावेत, कारण होनिंगची पूड नुसत्या डिझेलने निघत नाही, आणि लगेच कोरडे करून त्यांना ऑइल लावावे.

जोडणी करताना क्लिअरन्स (भागांमधली फट) आणि टॉर्कचे (बोल्ट आवळण्याच्या जोराचे) आकडे इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्यावेत. प्रत्येक रिंग लाइनरमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकलावी आणि तोंडांमधली फट फिलर गेजने मोजावी. अंदाजासाठी, दर १०० मिलीमीटर बोअरला ०.३ ते ०.४ मिलीमीटर फट ठेवतात. पिस्टन बसवताना रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ देऊ नयेत. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून पाहावी. ती अडली तर दोष शेवटी आवळलेल्या कॅपपाशी शोधावा.

हेड ठेवण्यापूर्वी ब्लॉकमधली बोल्टची भोके हवेने फुंकून कोरडी करावीत. बंद भोकात ऑइल किंवा पाणी राहिले तर बोल्ट आवळताना त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही, टॉर्क पाना खोटा आकडा दाखवतो आणि क्वचित ब्लॉकलाच तडा जातो. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूंना, तीन टप्प्यांत आवळावेत. टॅपेटसाठी, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवण्यासाठी, क्रँक फिरवत चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र हलू लागले की पहिल्याचे टॅपेट जुळवावेत. पुढचा क्रम १-३-४-२ असा फायरिंगचा.

सुरू करण्याआधी स्टॉपची केबल ओढून धरावी आणि ऑइल गेजचा काटा उठेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा वेळ मारावा. नंतर फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करून हातपंपाने डिझेल सोडावे आणि बुडबुडे थांबल्यावर तो आवळावा. इंजिन लागले की त्याला तासभर नुसते घुरघुरत ठेवू नये. भाराशिवाय रिंगा लाइनरवर बसत नाहीत. पहिले ५०० किलोमीटर निम्म्या बोजावर, वेग कमीजास्त करत चालवावेत, घाटात इंजिनाची ओढाताण करू नये आणि तापमानाचा काटा सतत पाहावा. त्यानंतर ऑइल व फिल्टर बदलावेत, काढलेले ऑइल पांढऱ्या फडक्यातून गाळून त्यात चमकणारे कण किती आहेत ते उन्हात धरून पाहावे आणि इंजिन पूर्ण गार झाल्यावर टॅपेट पुन्हा एकदा तपासावेत.