पोर्तुगालची सहल आखताना या चुका टाळा

'एवढं लांब जातोच आहोत तर...' हे वाक्य घरात कुणी उच्चारलं की समजायचं, सहलीचा बेत बिघडायला सुरुवात झाली. आमचा असाच बिघडला होता. पोर्तुगालचं क्षेत्रफळ सुमारे ९२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. नकाशात स्पेनच्या कडेला चिकटलेली उभी पट्टी. ती बघून आम्ही आठ दिवसांच्या तक्त्यात लिस्बन, सिंत्रा, कोइंब्रा, पोर्तो, एव्होरा, अल्गार्व्हचे समुद्रकिनारे हे सगळं कोंबलं, आणि वर 'जातोच आहोत तर' म्हणून स्पेनमधलं सेव्हियाही.

यातला हिशेब असा चुकतो. लिस्बन ते पोर्तो जलद गाडीने साधारण तीन तास. तक्त्यात आपण तीनच तास लिहितो. पण सकाळी बॅगा भरणं, हॉटेल सोडणं, स्टेशन गाठणं, उतरल्यावर नवं हॉटेल शोधणं आणि खोली मिळेपर्यंत लॉबीत ताटकळणं धरलं, तर मुक्काम बदलण्यात अख्खा अर्धा दिवस जातो. पाच मुक्काम म्हणजे अडीच दिवस नुसत्या बॅगा ओढण्यात. आठ रात्री असतील तर लिस्बनला चार किंवा पाच, पोर्तोला तीन, आणि वाटेत जमलं तर काही तास कोइंब्रा, एवढंच धरा. अल्गार्व्ह हवं असेल तर रजा अकरा-बारा दिवसांची घ्या.

स्पेन जोडायचा मोह तर आवराच. लिस्बन-माद्रिद रात्रीची गाडी २०२० मध्ये बंद झाली. दिवसा जायचं तर गाड्या बदलत जवळजवळ अख्खा दिवस जातो. सेव्हियाला थेट रेल्वेच नाही, बस धरावी लागते. शिवाय स्पेनचं घड्याळ एक तास पुढे. अल्गार्व्हमधून सेव्हियाला जाताना सीमेवर तुमचा एक तास गुपचूप कापला जातो, आणि पुढचं आगाऊ तिकीट जुन्या वेळेच्या हिशेबाने काढलेलं असेल तर बोंब.

व्हिसाबद्दल थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा (पोर्तुगाल-स्पेनसकट युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटची मुदत पंधरा दिवसांची असली तरी मे-जूनच्या गर्दीत त्या भरवशावर राहू नका, कारण आधी अपॉइंटमेंटच मिळत नाही. अर्ज करायचा तो जिथे सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे. रात्री समसमान असतील तर ज्या देशातून शेंगेनमध्ये शिरणार त्याच्याकडे. पोर्तुगालची अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून दुसऱ्याच देशाचा व्हिसा काढून भलतीकडे राहण्याची शक्कल सुचवणारे 'जाणकार' भेटतात. त्यांना नमस्कार करून पुढे जा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, आणि त्याच्या तारखांत परतीचा दिवसही धरलाय का ते बघा.

ऊन असणार, हे गृहीत धरणं

दक्षिण युरोप म्हणजे बारा महिने ऊन, ही समजूत पोर्तोला नोव्हेंबर ते जानेवारीत गेल्यावर धुऊन निघते. अक्षरशः, कारण तिथे तेव्हा चिक्कार पाऊस असतो. उलट जुलै-ऑगस्टमध्ये एव्होराच्या बाजूला पारा चाळिशी गाठतो. आपल्याला विदर्भातल्या उन्हाची सवय आहे म्हणून दुपारी बारा वाजता रोमन देवळाचे खांब बघायला निघू नका. विदर्भात तरी बारा वाजता कोण बाहेर पडतं?

समुद्राचंही तसंच. वर लख्ख ऊन आणि पाय घातला की पोटऱ्यांत कळ येईल असं गार पाणी. हा अटलांटिक आहे, मालवणचा किनारा नाही. लिस्बनच्या आसपास भर ऑगस्टमध्येही पाणी क्वचितच विशीच्या वर जातं, अल्गार्व्हला थोडं बरं असतं. अल्गार्व्हच्या किनाऱ्यावरच्या बेनाजिलच्या प्रसिद्ध गुहेत पोहत जा असं सांगणारे जुने व्हिडिओ अजून फिरतायत. ऑगस्ट २०२४ पासून तिथे पोहत जायला आणि आतल्या वाळूवर उतरायला बंदी आहे. गुहा आता बोटीतून किंवा मार्गदर्शकासोबतच्या कयाकमधून बघायची.

मला विचाराल तर मे किंवा सप्टेंबरचा शेवट. जूनमध्ये जाणार असाल तर १२ तारखेच्या रात्री लिस्बनला सांतो अँतोनियोचा आणि २३ च्या रात्री पोर्तोला साव झुआंवचा उत्सव असतो. पोर्तोत त्या रात्री लोक अनोळखी माणसांच्या डोक्यावर प्लॅस्टिकचे हातोडे हाणत फिरतात. मजा असते, पण हॉटेलचे दर दुप्पट झाले म्हणून कपाळाला हात लावण्याआधी तारखा बघा.

सिंत्रा: इथे सगळ्यात जास्त लोक फसतात

आम्हीही फसलो, म्हणून सविस्तर सांगतो.

लिस्बनच्या रोसियो स्टेशनवरून सिंत्राला लोकल जाते, जेमतेम चाळीस मिनिटं. डोंगरावरच्या पेना राजवाड्याच्या तिकिटावर तारीख आणि वेळ छापलेली असते. आमची साडेदहाची होती. स्टेशनबाहेर ४३४ नंबरच्या बससाठी रांग होती, ती संपवून घाट चढून दहा वीसला फाटकावर पोचलो. मनात म्हटलं, चला, दहा मिनिटं हातात आहेत. तिकिटावरची वेळ मात्र राजवाड्याच्या दाराची असते. उद्यानाच्या फाटकापासून दारापर्यंत अर्ध्या तासाचा चढ आहे. आईचा गुडघा, बाबांची 'मी येतो हळूहळू', आणि त्यात दाट धुकं. दारावर पोचलो तेव्हा अकराला पाच कमी होते. रखवालदाराने तिकीट बघितलं, घड्याळ बघितलं आणि हसून मान हलवली. इतक्या गोड नकाराशी भांडताही येईना. धुकं असं की ज्या पिवळ्या बुरुजाचा फोटो बघून तिकिटं काढली, तो वीस पावलांवरून दिसत नव्हता.

तेव्हा सकाळचा पहिला स्लॉट घ्या आणि फाटकावर निदान पाऊण तास आधी पोचा. फाटकापासून वर न्यायला पैसे देऊन छोटी बस मिळते. सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर तिथे काटकसर करू नका. अंगावर एक जाकीट ठेवा, कारण लिस्बनला ऊन असताना सिंत्राच्या डोंगरावर धुकं असणं नेहमीचंच. स्वतःची गाडी नेऊ नका, गावात बाहेरच्या गाड्यांवर बंधनं आहेत आणि पार्किंग मिळत नाही. वेळ चुकलीच तर दाराशी वाद घालण्यापेक्षा उद्यान फिरा, किंवा खाली उतरून रेगालेराची बाग बघा. तिथे जमिनीत सत्तावीस मीटर खोल उतरत जाणारी गोल जिन्याची विहीर आहे. बाबा तिथे राजवाडा विसरले.

आणि सोमवारी सिंत्राला जाऊ नका. लिस्बनमधली बरीचशी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, जेरोनिमुसचा मठही बंद. सिंत्राचे राजवाडे उघडे. साहजिकच त्या दिवशी लिस्बनमधला प्रत्येक पर्यटक तोच विचार करून रोसियोच्या फलाटावर उभा असतो. सोमवारी लिस्बनच्या जुन्या वस्तीच्या, आल्फामाच्या गल्ल्या फिरा, साव जॉर्जचा किल्ला बघा, तेजू नदी फेरीबोटीने ओलांडून पलीकडच्या कासिल्याशला जा. जेरोनिमुस दुसऱ्या दिवशी ठेवा, पण ठेवाच. आपल्या शाळेच्या पुस्तकातला, १४९८ मध्ये कालिकतला उतरलेला वास्को द गामा तिथे पुरलेला आहे. तो वारला कोचीला १५२४ मध्ये, अस्थी मागाहून मायदेशी नेल्या.

'मध्यवर्ती, सुंदर, जुन्या वस्तीत' घर

आल्फामातलं घर फोटोत अप्रतिम दिसतं. १७५५ च्या भूकंपात खालचं शहर जमीनदोस्त झालं, ही टेकडीवरची वस्ती बरीचशी वाचली, म्हणून गल्ल्या अजून तशाच अरुंद आणि पायऱ्यांच्या. टॅक्सी दारापर्यंत येत नाही, इमारतीला लिफ्ट नाही, आणि पायाखाली चुनखडीच्या गुळगुळीत दगडांची फरसबंदी. तिच्यावर चोवीस किलोच्या बॅगेची चाकं काय आवाज करतात ते ऐकायचं असेल तर खुशाल घ्या. नाहीतर सपाटीवरच्या बायशा भागात किंवा मेट्रोजवळ राहा, आणि बुकिंगआधी दोनच प्रश्न विचारा: लिफ्ट आहे का, आणि टॅक्सी दारापासून किती अंतरावर थांबते. घरून निघताना चपलेचा तळ बघा. घासलेल्या तळव्याने पावसात त्या उतारावरून चालणं म्हणजे शेवाळलेल्या घाटावर उतरणं.

शहराचा पर्यटक करही धरायला विसरतात. लिस्बनला माणशी रात्रीचे ४ युरो, पोर्तोला ३. चौघांच्या कुटुंबाला आठवड्याचे शंभरेक युरो होतात, आणि बऱ्याचदा ते चेक-इनला वेगळे मागतात.

रेल्वे, ट्रॅम आणि खिसा

पोर्तोची लांब पल्ल्याची गाडी कांपान्याला थांबते. निळ्या फरशांची चित्रं असलेलं, फोटोतलं साव बेंतो स्टेशन गावात आत आहे, तिथे लोकलने पाच मिनिटांत जाता येतं. फोटोतल्यासारखं स्टेशन येईल म्हणून डब्यात बसून राहू नका. लांबची तिकिटं लवकर काढली तर स्वस्त पडतात. पासष्ट वर्षं पूर्ण झालेल्यांना पोर्तुगीज रेल्वेत निम्मं भाडं असतं, पासपोर्ट दाखवला की झालं. आम्हाला हे कळलं तेव्हा आईबाबांची पूर्ण भाड्याची तिकिटं खिशात होती.

लिस्बनची २८ नंबरची ट्रॅम दुपारी मार्तीं मुनीशच्या थांब्यावर पकडू नका. तासभर रांग, आत दादर स्टेशनची संध्याकाळ आणि खिसेकापूंची चंगळ. सकाळी लवकर, आणि दुसऱ्या टोकाच्या प्राझेरेशच्या थांब्यावरून बसा. सॅक पोटावर.

एटीएम किंवा दुकानातलं यंत्र 'रुपयांत घ्यायचं की युरोत?' असं विचारेल. रुपये बघून जीव भांड्यात पडतो, तिथेच गफलत होते, कारण तो दर यंत्रवाल्याच्या सोयीचा असतो. युरोच निवडा.

जेवताना

टेबलावर बसल्या बसल्या न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं. त्याला कुव्हेर म्हणतात आणि ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत द्या, कुणी रागावत नाही.

शाकाहाऱ्यांची अडचण वेगळी. 'मांस नको' म्हटलं की समोर मासा येतो, कारण त्यांच्या लेखी मासा मांसात मोडत नाही. 'सें कार्न, सें पैश' हे दोन्ही शब्द कागदावर लिहून ठेवा. आईला मेन्यूकार्ड मात्र भलतंच आवडलं. पाव, बटाटा, अननस हे शब्द त्यांच्याकडूनच आपल्याकडे आले, त्यामुळे तिला निम्मी यादी ओळखीची वाटायला लागली. मग तिने आत्मविश्वासाने काल्दू व्हेर्द मागवलं: बटाट्याच्या सुपात बारीक चिरलेली हिरवी पालेभाजी. 'भाजीच तर आहे.' तीन चमचे झाल्यावर तळातून लालसर गोल चकती वर आली. गोव्यात जिला चोरीस म्हणतात, तीच, डुकराच्या मांसाच्या सॉसेजची. आईने वाडगा बाबांकडे सरकवला आणि पश्तेल द नाता हा गोड पदार्थ मागवला. त्यात अंड्याचा बलक असतो, हे आम्ही तिला मुंबईला परतल्यावर सांगितलं.