श्रीलंकेच्या राजांची यादी करताय? या चुका टाळा

श्रीलंकेच्या राजांचा तक्ता पहिल्यांदा करायला बसलो तेव्हा एक्सेलमध्ये चार रकाने पाडले: नाव, गादीवर कधी आला, कधी गेला आणि कोणाचा मुलगा. चौथा रकाना दहा-पंधरा ओळींतच कोलमडला. मग सनावळीकडे नीट बघितलं तर तीही जुळेना. तेव्हा केलेल्या बहुतेक चुका मला नंतर इतरांच्या याद्यांमध्येही दिसल्या, म्हणून हे लिहितो आहे.

बापानंतर मुलगाच, असं धरून चालणं

अनुराधपूर राजधानी होती त्या जुन्या काळात गादी सहसा धाकट्या भावाकडे जायची आणि भाऊ संपले की पुढच्या पिढीकडे. दुट्ठगामणी हा सिंहली परंपरेतला सगळ्यात लाडका राजा. त्याला सालिय नावाचा मुलगा होता. महावंस हा लंकेच्या राजांचा जुना पाली ग्रंथ सांगतो की सालिय एका चांडाळ मुलीच्या, अशोकमालेच्या, प्रेमात पडला आणि त्याने राज्यावर पाणी सोडलं. गादी गेली दुट्ठगामणीचा भाऊ सद्धातिस्स याच्याकडे. पुढे सद्धातिस्साचे चार मुलगे एकामागून एक राजे झाले.

मुलगा गादीवर आला तरी तो हक्काने आला असेल असं नाही. सिगिरियाचा कश्यप हा धातुसेनाचा मुलगा खरा, पण कमी दर्जाच्या राणीचा. वारस होता दुसरा मुलगा, मोग्गल्लान. कश्यपाने सेनापतीच्या मदतीने बापाला कैद केलं आणि खजिना कुठे लपवलाय ते विचारलं. धातुसेन त्यांना स्वतः बांधलेल्या कलावेव तलावावर घेऊन गेला, पाण्यात उतरला, ओंजळभर पाणी उचललं आणि म्हणाला, माझी सगळी दौलत ही एवढीच. त्याला भिंतीत चिणून मारलं. मोग्गल्लान हिंदुस्थानात पळाला आणि अठरा वर्षांनी फौज घेऊन परतला. म्हणजे तक्त्यात बाप, मुलगा, मग दुसरा मुलगा असा साधा क्रम दिसतो, आणि प्रत्येक दोन ओळींच्या मध्ये एक मढं पडलेलं असतं.

कँडी या बेटावरच्या शेवटच्या राज्यात तर बापाकडून मुलाकडे गादी गेली ती शेवटची १७०७ मध्ये. नरेंद्रसिंह १७३९ मध्ये वारसाविना वारल्यावर त्याच्या मदुराईकडच्या राणीचा भाऊ राजा झाला. त्यानंतर त्याचा मेहुणा कीर्ती श्री राजसिंह, मग कीर्ती श्रीचा भाऊ, आणि शेवटी राणीचा भाचा. हे नायक्कर घराणं. काही जण इथे ‘तमिळ आक्रमण’ असा शेरा मारून मोकळे होतात. आक्रमण कसलं? हे दरबारानेच गादीवर बसवलेले राजे होते. सयामहून भिक्खू आणून श्रीलंकेतली बौद्ध भिक्खूंची उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा, १७५३ मध्ये पुन्हा सुरू केली तीही याच कीर्ती श्रीच्या राज्यात.

बेरीज न करता सन उतरवणं

आपल्याला शकात ७८ मिळवून इसवी सन काढायची सवय असते, त्यामुळे बुद्धवर्षातून, म्हणजे बुद्धाच्या निर्वाणापासून मोजलेल्या वर्षातून, ५४३ वजा केले की काम झालं असं वाटतं. महावंसातल्या पहिल्या सात नोंदींवर करून बघा. विजय ३८ वर्षं, राजा नसलेलं १ वर्ष, पंडुवासुदेव ३०, अभय २०, पुन्हा राजाविना १७, पंडुकाभय ७०, मुटसिव ६०. बेरीज २३६. इसवी सनापूर्वी ५४३ मधून ती वजा केली की त्यांच्यानंतरचा देवानांपिय तिस्स गादीवर आला इसवी सनापूर्वी ३०७ मध्ये. पण हा तर अशोकाचा मित्र! त्याच हिशोबाने अशोकाचा राज्याभिषेक बुद्धानंतर २१८ वर्षांनी, म्हणजे इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये येतो. त्या वर्षी अलेक्झांडर जेमतेम हिंदुस्थानातून बाहेर पडत होता. अशोक खरा आला इसवी सनापूर्वी २६८ च्या सुमारास, म्हणून तिस्सालाही २५० च्या आसपास आणावं लागतं.

मग सगळ्यांचेच सन साठ वर्षांनी खाली आणायचे का? ही त्यापुढची चूक, आणि ती मी केलेली आहे. दुट्ठगामणीचं प्रचलित वर्ष इसवी सनापूर्वी १६१ हे जुन्याच गणितातून येतं आणि इतिहासकार ते तसंच वापरतात. जादा साठ वर्षं मधल्या राजांमध्ये मुरलेली असणार. खूणही सापडते. ‘असेल’ नावाचा राजा हा मुटसिवाचा मुलगा, पण ग्रंथातली वर्षं मोजली तर बाप गेल्यावर ९२ वर्षांनी तो गादीवर येतो आणि वर १० वर्षं राज्य करतो!

पुढच्या काळातही दोन पुस्तकांत दोन आकडे दिसतील. कश्यप कुठे ४७३ ला येतो, कुठे ४७७ ला. कोणतंही एक पुस्तक धरा आणि शेवटपर्यंत तेच वापरा.

एका माणसाला एकच ओळ देणं

वट्टगामणी इसवी सनापूर्वी १०३ मध्ये राजा झाला आणि काही महिन्यांतच परागंदा झाला. मधली चौदा वर्षं पाच तमिळ राजांची. तो परत आला ८९ मध्ये. लीलावती, म्हणजे थोरल्या पराक्रमबाहूची राणी, ११९७ ते १२१२ या काळात तीनदा गादीवर बसली. अशांना कारकिर्दीगणिक वेगळी ओळ द्या, नाहीतर मधले राजे हवेत लटकतात.

पहिल्या विजयबाहूची गंमत उलटी. त्याची राज्यवर्षं १०५५ पासून मोजतात, पण चोळांकडून पोलोन्नरुवा ही राजधानी घेतली १०७० मध्ये. तोवर उत्तरेचा खरा धनी चोळ राजाच होता.

क्रमांकाला घराणं समजणं

साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू यांत गोंधळ करणारे आपल्याकडे कमी नाहीत. श्रीलंकेतला पहिला राजसिंह सीतावाकचा आणि दुसरा राजसिंह कँडीचा: गाद्या वेगळ्या, घराणी वेगळी. हे क्रमांक पुढच्या इतिहासकारांनी लावलेले असल्यामुळे ते हलतातही. १५२१ मध्ये कोट्टेला मारला गेलेला विजयबाहू कुठे सहावा असतो, कुठे सातवा. क्रमांकाशेजारी राजधानी आणि सन लिहिलंत की प्रश्न मिटतो.

बेटावर एकच गादी होती असं समजणं

याच १५२१ मध्ये त्या विजयबाहूच्या तीन मुलांनी राज्य वाटून घेतलं: कोट्टेला भुवनेकबाहू, सीतावाकला मायादुन्ने, रायिगमला तिसरा भाऊ. कँडीत वेगळा राजा होता आणि जाफन्यात आर्यचक्रवर्ती. एका वर्षी पाच गाद्या. त्या खाली-खाली लिहिल्या तर वाचणाऱ्याला वाटतं, एकानंतर दुसरा आला. शेजारी-शेजारी रकाने पाडा, तक्ता आडवा झाला तरी चालेल.

१८१५ ला थांबणं

कँडीच्या सरदारांनी ब्रिटिशांशी केलेल्या २ मार्च १८१५ च्या करारानंतर कँडीचा शेवटचा राजा श्रीविक्रम राजसिंह याला वेल्लोरला पाठवलं आणि तो तिथेच १८३२ मध्ये वारला. बहुतेक याद्या इथे संपतात. पण त्या करारात सरदारांनी राज्य ब्रिटिश राजाच्या हाती दिलं होतं, गादी बरखास्त केली नव्हती. १९४८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं तरी राजपद राहिलंच आणि प्रजासत्ताक झालं २२ मे १९७२ रोजी. म्हणजे तिसऱ्या जॉर्जपासून एलिझाबेथपर्यंत आणखी नऊ नावं. ती भरताना वाटलं होतं, चला, इथे तरी चौथा रकाना सरळ जाईल. दोनदा ‘भाऊ’ आणि एकदा ‘पुतणी’ लिहावं लागलं.